अकरा ठिपके

फणसवाडीतल्या विजयकरांच्या उंबऱ्यापुढे त्या दिवाळीला रांगोळी नव्हती. पाठारे प्रभूंचं घर, आणि तेही असं की तिथली मुलगी पाटीवर ग म भ न काढण्याआधी चिमटीत रांगोळी धरायला शिकायची. सरोजिनी तर जमिनीवर माणूस उतरवायची. आदल्या वर्षी दादरच्या प्रदर्शनात तिने एका म्हाताऱ्या कोळणीचा चेहरा काढला, तर बघायला आलेल्या एका गृहस्थाला वाटलं, हे कागदावर छापून खाली चिकटवलंय. खात्री करायला त्याने वाकून फुंकर मारली आणि कोळणीचं अर्धं नाक उडालं. सरोजिनी त्याच्यावर चिडली नव्हती, उलट वर्षभर ती गोष्ट रंगवून सांगत होती. त्याच सरोजिनीच्या दारात, ऐन नरकचतुर्दशीला, नुसती सारवलेली कोरी जमीन.

"अगं बेबी, निदान चार रेघा तरी ओढ," राजलक्ष्मीआत्या म्हणाली. घरात सरोजिनीला सत्ताविसाव्या वर्षीही बेबीच म्हणत. "लोकांना वाटेल घरात सुतक आहे."

"मी लिहून दिलंय, आत्या."

"कुणाला?"

"डॉक्टर नाबरांना. प्रबंध पुरा होईपर्यंत रांगोळीला हात लावणार नाही म्हणून."

आत्याने पणतीत तेल ओतलं. आजोबा हायकोर्टात भाषांतरकार, वडील त्याच कोर्टात दप्तर सांभाळणारे. जमिनी गेल्या, भाडी गेली, पण सही केली की ती पाळायची, एवढी एक इस्टेट त्या घरात शाबूत होती. आत्याचे स्वतःचे हात आता कापत, नाहीतर तिनेच बैठक मारली असती. तिने दारात एक पणती ठेवली आणि आत जाऊन नाबरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सरोजिनी मात्र कोऱ्या उंबऱ्याकडे बघत बसली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

हे सगळं झालं तांदळापायी.

घोडपदेवच्या एका जुन्या वखारीत धान्य-रसायनाची एक संशोधनशाळा होती. सरोजिनी तिथे पीएच.डी. करत होती. गिरगावातून ट्राम पकडून रोज सकाळी नऊला हजर. विषय असा की कोकणातल्या बारा जातींच्या तांदळात कॅल्शियम किती असतं, आणि तांदूळ कांडून सडताना त्यातलं किती वाया जातं. काम चिकाटीचं. दहा ग्रॅम तांदूळ मुशीत घालायचा. मूस म्हणजे चिनीमातीची झाकणवाली इवलीशी वाटी. ती भट्टीत ठेवायची, तांदळाची पांढरी राख होऊ द्यायची, मग त्या राखेतलं कॅल्शियम मोजायचं. बारा जाती, प्रत्येकीच्या चार मुशी, अशा अठ्ठेचाळीस मुशी. मुळात तांदळात कॅल्शियम नखाएवढंही नाही, त्यामुळे बाहेरचा एक कण आत गेला तरी आकडा उड्या मारायला लागायचा.

सप्टेंबरच्या शेवटी अकरा आकड्यांनी उड्या मारल्या. तिप्पट, चौपट. त्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर कोकणातल्या पोराबाळांना दूध पाजायची गरजच नव्हती.

तिचे मार्गदर्शक डॉ. कमलाकांत नाबर यांनी वही पुढ्यात ओढली. मनुष्य हुशार, पण नाकावर माशी बसू न देणारा. उजव्या तळहातावर डाव्या अंगठ्याने तंबाखू-चुना मळत मळत ते समोरच्याची उलटतपासणी घेत.

"मिस विजयकर, सुटीच्या दिवशी काय करता तुम्ही?"

"रांगोळी काढते, सर."

"रांगोळी म्हणजे काय असतं?"

"दगडाची पूड."

"कसला दगड?"

"चुनखडीच्या जातीचा."

"म्हणजे कॅल्शियम," नाबर म्हणाले. तोंडी परीक्षेत द्यावीत तशी तिने भराभर उत्तरं दिली होती आणि स्वतःच्या पायांनी चालत सापळ्यात जाऊन बसली होती.

"मी इथे आल्यावर साबणाने तीनदा हात धुते, सर."

"मग भांडी नीट धुतली जात नसतील. दोघींपैकी एकीच्या हातांचा दोष आहे. भांडी धुणारीचा असेल तर बाई बदलू. तुमचा असेल तर तसं लिहून द्या. मुदत संपत आलीय तुमची, वाढवून हवी असेल तर मला विद्यापीठाला काहीतरी कारण द्यावं लागेल."

पाच पावलांवर मोरीपाशी जाईबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. घोडपदेवच्याच चाळीत राहायच्या, अकरा वर्षं त्या शाळेची काचेची आणि चिनीमातीची भांडी धूत होत्या. नळ चालू होता, पण त्यांचे हात थांबलेले सरोजिनीला दिसले. तिने दौत ओढली आणि नाबर सांगतील तसं लिहिलं: माझ्या रांगोळीच्या छंदामुळे माझ्या हातांवाटे नमुन्यांत कॅल्शियम मिसळले. प्रबंध पूर्ण होईपर्यंत मी रांगोळीला हात लावणार नाही. खाली सही. बदल्यात एप्रिलअखेरपर्यंत मुदतवाढ.

"हे पत्र प्रबंधाला जोडून जाईल," नाबर म्हणाले. "अकरा नमुने का गाळले ते परीक्षकांना कळायला हवं. आणि मनावर घेऊ नका. विज्ञान ही सवत सहन करत नाही. एक काहीतरी निवडावं लागतं माणसाला."

हे ते म्हणाले तेव्हा शेजारच्या टेबलावर मनमोहन बसला होता. मनमोहन त्यांचाच दुसरा विद्यार्थी, मुलगा सरळ, सतार वाजवायचा. दर महिन्याला एकदा नाबर त्याला सगळ्यांसमोर सतार वाजवायला लावत आणि पाहुण्यांना सांगत, आमचा मनमोहन बघा, अष्टपैलू. त्याचा संशोधनाचा विषय होता तांदळाच्या कोंड्यातलं तेल. आणि तारांवरून बोटं सरकावीत म्हणून तो बोटांना खोबरेल लावायचा. त्याचे आकडे कधी वर गेले तर नाबर भट्टीला दोष देत, वजनकाट्याला देत, हवेला देत, त्याच्या बोटांकडे कधी बघत नसत. पुरुषाने केलं की तो अंगचा गुण आणि बाईने केलं की तो नाद, अशी ही वाटणी. ती वाटणी करणारे लोक पदव्यांची माळ गळ्यात घालून फिरतात, याचा राग येऊ नये तर कशाचा यावा.

सरोजिनीला त्या दिवशी एकच समाधान होतं की एका गरीब बाईची नोकरी आपण वाचवली. ते समाधान पाच दिवस टिकलं. पाच दिवस जाईबाई तिच्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. सहाव्या दिवशी धुतलेल्या मुशींचा ट्रे तिच्या टेबलावर ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"मी तुमच्याकडं आले होते का, माझी बाजू घ्या म्हणायला?"

"जाईबाई, तुमची नोकरी गेली असती."

"ती मी बघून घेतली असती. अकरा वर्सं धुते. तीन पाण्यानी, मग आसिडात, मग त्या शुद्ध केलेल्या पाण्यानी. माझ्या धुण्यात खोट न्हाय, हे मला ठाऊक हाय. तुमच्या हातात खोट न्हाय, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी खोटं लिवून दिलंत, आन वर मला वाचवलं म्हणून मनात मिरवताय."

सरोजिनीने ट्रे उगीचच सरळ केला.

"आता कोन शोधनार हाय, चूक कुठं झाली ती? फायल बंद झाली," जाईबाई म्हणाल्या. "आम्ही तीन वर्सांमागं दीक्षा घेतली ती कुनी उपकार करावा आन आम्ही मान खाली घालावी म्हणून न्हाय. शिकलेल्या तुम्ही. शोधून काडा."

त्या निघून गेल्या. सरोजिनीचे कान तापले. आधी तिला जाईबाईंचा राग आला, भल्याची दुनिया नाही वगैरे. संध्याकाळपर्यंत तो राग वळून तिच्या स्वतःवरच आला. प्रश्न समोर आला तेव्हा तिने प्रयोग केला नव्हता, सही केली होती. नाबरांनी रांगोळी सोडायला लावली, पण त्या दिवशी विज्ञान तिने आपल्या हाताने सोडलं होतं. पत्र दिलेलं होतं, ते तर पाळायलाच हवं. म्हणून दिवाळीत उंबरा कोरा राहिला. पण ते पत्र खोटं आहे हे दाखवून ते फाइलमधून काढायचं, नाहीतर प्रबंध द्यायचाच नाही, असं तिने त्या कोऱ्या उंबऱ्याशी बसून ठरवलं.

दिवाळीनंतर ती डबा खायच्या सुटीत काम करू लागली. रांगोळीला हात न लावता रांगोळी तपासायची होती, म्हणून मनमोहनला पिटाळून तिने गिरगाव, दादर आणि लालबाग अशा तीन ठिकाणच्या पुड्या मागवल्या. तोलणं-विरघळवणंही त्यानेच केलं, ती शेजारी हाताची घडी घालून उभी राहून सांगत होती. मनमोहनला हसू येत होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून तो हसला नाही. तिन्ही पुड्यांत कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियम भरपूर निघालं, कॅल्शियमच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे मुशीत रांगोळी पडली असती तर दोन्ही आकडे चढायला हवे होते. तिने त्या अकरा मुशींची जपून ठेवलेली द्रावणं काढली आणि त्यांतलं मॅग्नेशियम मोजलं. ते बाकीच्या सदतीस मुशींइतकंच होतं, तसूभरही जास्त नाही. नुसतं कॅल्शियम चढलेलं. रांगोळी निर्दोष होती.

मग तिने जाईबाईंनी धुतलेल्या बारा रिकाम्या मुशी तांदूळ न घालताच भट्टीत ठेवल्या आणि तपासल्या. कॅल्शियम शून्य. तिने वही उचलून मोरीपाशी नेली आणि जाईबाईंना ती शून्यं दाखवली.

"बाराच्या बारा," ती म्हणाली.

"हे मला ठाऊकच होतं," जाईबाई म्हणाल्या, पण त्यांनी पदराला हात पुसून एकेक शून्य बोटाने मोजलं. मग म्हणाल्या, "मी न्हाय, तुम्ही न्हाय. मग तिसरं कोन हात लावतं ते बगा." आणि त्यांनी फडताळाच्या मागून कागदात गुंडाळलेली चार झाकणं काढली. मुदतवाढ मिळाल्यावर सरोजिनीने सुरू केलेल्या नव्या फेरीतल्या मुशींची झाकणं होती ती. पत्र झालं त्या दिवसापासून जाईबाई प्रत्येक भांडं धुण्याआधी उजेडात धरून बघत होत्या, आणि ही चार त्यांनी धुतलीच नव्हती. प्रत्येक कागदावर तारीख होती, त्यांच्या मुलीकडून घालून घेतलेली.

झाकणांच्या आतल्या कडेला पांढुरका डाग होता. सरोजिनीने त्यावर बोट फिरवलं, आणि वीस वर्षांची रांगोळीची बोटं ती, त्यांना विचार करावा लागला नाही. रांगोळी खरखरते आणि चिमटीतून सुटते. हे लोण्यासारखं माखत होतं आणि बोटाच्या रेषांत जाऊन बसत होतं. डाग अंगठ्याचा होता. एका झाकणावर तर तपकिरी तंबाखूचा कणही चिकटलेला.

"साहेब येऊन बगतात त्याच दिवशी," जाईबाई म्हणाल्या. "बाकी दिवशी न्हाय."

नाबरांची तपासायची एक पद्धत होती. विद्यार्थ्यांवर त्यांचा भरवसा नसे. मनात आलं की ते येत, चिमटा न घेता थेट हातानेच निवलेल्या मुशीचं झाकण उचलत, राख पांढरी झाली का बघत आणि वहीत त्या मुशीपुढे 'क. ना.' अशी सही ठोकून जात. सरोजिनीने जुनी वही उघडली. अठ्ठेचाळीस मुशींपैकी अकरांपुढे 'क. ना.' होतं. बिघडलेले अकरा आकडे नेमके त्याच मुशींचे होते. वही महिनोन्‌महिने उशाशी असल्यासारखी जवळ होती, आणि तिच्यात गुन्हेगाराने स्वतःच्या हाताने अकरा वेळा कबुली दिलेली होती. पानाचा चुना शिंपल्यांचा, त्यात मॅग्नेशियम नावालाही नसतं. तेही तिने तपासून घेतलं.

फेब्रुवारीत ती दोन पानांचं टिपण घेऊन नाबरांच्या खोलीत गेली. तिने त्यांचं नाव कुठेही घातलं नव्हतं. एवढंच लिहिलं होतं की दोष चुन्याचा आहे, धुण्याचा नाही, रांगोळीचा नाही, म्हणून माझं पत्र रद्द करावं. नाबरांनी खिशातून डबी काढली, तंबाखू घेतला, नखाने चुना लावला आणि चुन्यावरचं ते टिपण चुना मळता मळताच वाचलं. त्यातला विनोद त्यांना कळला नाही. सरोजिनीला कळला, पण हसण्याच्या ती पलीकडे गेली होती.

"म्हणजे चार महिने तुम्ही माझ्यावर पाळत ठेवलीत?"

"मी मुशींवर ठेवली, सर."

"एक नाद सोडवला तर दुसरा लागला तुम्हाला." त्यांनी टिपण खणात टाकलं. "पत्र आहे तिथे राहील. तुमचा प्रबंध चांगला आहे. मी सही करणार आहे, पदवी मिळणार आहे. एका क्षुल्लक पत्रावरून अडून बसू नका."

"क्षुल्लक असेल तर फाडा, सर."

"या तुम्ही," नाबर म्हणाले.

पत्र क्षुल्लक, म्हणून ते राहणार. रांगोळी क्षुल्लक, म्हणून ती सोडायची. जाईबाईंची अकरा वर्षं क्षुल्लक, म्हणून ती एका वाक्यात मोडीत काढायची. फक्त त्यांचा अंगठा तेवढा मोलाचा. सरोजिनीला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो तिने कुणाशीही बोलून हलका केला नाही.

एप्रिल उजाडला. महाराष्ट्र होणार, मुंबईसह होणार, मे महिन्याची पहिली तारीख ठरली. गिरणगावातल्या भिंती पताकांनी भरायला लागल्या. चार वर्षांपूर्वी मोर्च्याला गेल्याबद्दल नाबरांनी जाईबाईंचा दिवसाचा पगार कापला होता आणि काळी फीत लावून आलेल्या मनमोहनला ती दारातच काढायला लावली होती. इथे विज्ञान चालतं, राजकारण नाही, असं तेव्हा म्हणाले होते. आता दिल्लीहून अनुदान समिती येणार म्हटल्यावर त्यांना महाराष्ट्र एकदम आठवला. नव्या राज्याची मुख्य धान्य-प्रयोगशाळा आपलीच व्हावी, अशी त्यांची खटपट होती. त्यांनी सरोजिनीला बोलावलं.

"सोमवारी दहाला समिती येतेय. दारात मोठी रांगोळी हवी. भाताच्या लोंब्या वगैरे, आपल्या कामाचं प्रतीक होईल असं काहीतरी. तुमचा हात चांगला आहे म्हणतात."

सरोजिनीला क्षणभर वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. "मी लिहून दिलंय, सर. हात लावणार नाही म्हणून."

"अहो, ते तुमच्या छंदाबद्दल. हे संस्थेचं काम आहे."

"पत्रात तसं लिहिलेलं नाही."

"मी सांगतोय ना."

"मग लेखी द्या," सरोजिनी म्हणाली. दोन पिढ्यांचं हायकोर्ट तिच्या तोंडून बोलत होतं.

नाबर चिडले, पण घाईत होते. त्यांनी चिठ्ठीवर खरडलं: मिस विजयकर यांनी सोमवारी संस्थेच्या दारात संस्थेच्या कामाची रांगोळी काढावी. क. ना. सरोजिनीने ती चिठ्ठी वाचली, घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. संस्थेच्या कामाची. शब्द त्यांचेच होते.

सोमवारी सकाळी सहाचा भोंगा झाला तेव्हा ती दारात बसलेली होती. जाईबाईंनी जमीन धुऊन दिली होती. साडेसहा महिन्यांनी तिने चिमटीत रांगोळी घेतली आणि पहिली रेघ सोडली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, कारण हात भरले होते. आधी चारी बाजूंनी भाताच्या लोंब्यांची महिरप काढली, दाणा अन् दाणा वेगळा. आत एक आडवी आणि एक उभी रेघ. मग ठिपके. सदतीस ठिपके खालच्या अंगाला, एका ओळीत, रांगोळीचे. अकरा ठिपके वर, उंच, उडालेले. ते तिने कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून आणून वाळवलेल्या चुन्याचे घातले. त्या प्रत्येकाखाली बारीक अक्षरांत 'क. ना.'. सगळ्यात खाली बारा रिकामी वर्तुळं, आणि शेजारी: धुतलेल्या रिकाम्या मुशी, कॅल्शियम शून्य. धुणाऱ्या जाईबाई.

"नुसतं जाईबाई नगा लिवू," जाईबाई म्हणाल्या. "पगाराच्या वहीत हाय तसं लिवा."

सरोजिनीने पुढे लिहिलं: राजाराम गमरे. जाईबाईंनी ते अक्षर लावून वाचलं आणि बादली उचलून बाजूला झाल्या.

दहाला समिती आली. नाबर पाहुण्यांना आणायला फाटकापर्यंत गेले होते. परत येताना त्यांनी लांबून लोंब्यांची महिरप बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आमच्या विद्यार्थिनीचं काम," ते म्हणाले. "संशोधन सांभाळून कलाही जोपासावी, असा आमचा आग्रह असतो."

समितीचे अध्यक्ष ग्वाल्हेरकडचे वयस्क मराठी रसायनज्ञ होते. ते चष्मा सावरत वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. फुंकर मारतात की काय, अशी सरोजिनीला भीती वाटली.

"हा तर आलेख आहे," ते म्हणाले. "हे अकरा वर का गेले?"

"ते चुन्याचे आहेत, सर. बाकीचे रांगोळीचे. त्या अकरा मुशींत चुना पडला होता."

"आणि ही अक्षरं?"

"त्या दिवशी मुशीचं झाकण ज्यांनी हाताने उघडलं, त्यांची सही. मूळ वही आत आहे. मॅग्नेशियमचे आकडेही आहेत."

नाबरांचा चेहरा उतरला. "तरुण मुलं आहेत, सर, काहीतरी गंमत," ते म्हणाले. "मिस विजयकर, हे काढायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्ही," सरोजिनी म्हणाली आणि तिने पर्समधून चिठ्ठी काढून अध्यक्षांच्या हातात दिली. "आणि काढायचं नाही असंही सरांनी माझ्याकडून लिहून घेतलंय. ते फाइलमध्ये आहे."

"दोन्ही कागद बघू," अध्यक्ष म्हणाले.

फाइल मनमोहनने आणली. नाबरांनी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर त्याच्या हातून ती गळून पडली असती. मनमोहनने पत्र काढलं आणि अध्यक्षांनी सांगितल्यावर मोठ्याने वाचलं. माझ्या रांगोळीच्या छंदामुळे माझ्या हातांवाटे. सगळे त्या रांगोळीभोवती उभे राहून ऐकत होते.

"डॉक्टर नाबर, यातलं खरं काय धरायचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते पत्र मी परत घेतो," नाबर हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

"परत घेऊन खिशात न्हाय घालायचं," जाईबाई बादलीपाशी उभ्या होत्या तिथून म्हणाल्या. "चूक हाय असं त्याच्यावर लिवा. माझ्या धुण्यावर पन बोलला होतात, ते बी लिवा."

"लिहा," अध्यक्ष म्हणाले.

नाबर लिहायला वाकणार, तेवढ्यात सरोजिनी बोलली. आवाज चढू द्यायचा नाही असं तिने ठरवलं होतं, पण तो चढला. "माझ्या घराचा उंबरा दिवाळीत कोरा राहिला, सर. साडेसहा महिने मी माझे हात बांधून घेतले. मी एक सोडलं तरच दुसरं जमेल म्हणालात. तुमची चूक सापडली ती याच बोटांना. त्या उंबऱ्याचं काय लिहिणार तुम्ही?"

नाबरांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांनी मनमोहनच्या पाठीवर फाइल टेकवली, डाव्या हाताने पत्र घट्ट धरलं आणि लिहिलं: वरील मजकूर चुकीचा आहे. भांडी धुण्यात दोष नव्हता, विद्यार्थिनीच्या हातांत दोष नव्हता. खाली वहीत अकरा वेळा केली होती तशीच 'क. ना.' सही केली, आणि कागद तिच्यापुढे धरला.

सरोजिनी घ्यायला गेली आणि थबकली. पत्राच्या कोपऱ्यावर, नाबरांनी ते जिथे दाबून धरलं होतं तिथे, अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला होता. तिने पदराला नीट हात पुसले. मग ते पत्र तिने फक्त कडेला दोन बोटांनी धरून घेतलं, ठसा पुसला जाऊ नये म्हणून.